डबा घेऊन बसायचं कुठं?

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मागे आवाज येतोय ना? हां. तर आधीच एक क्लिअर करते, बाहेर फळ्यावर 'नव्या नोकरीत रुळण्याचे पाच उपाय' असं जे लिहिलंय त्यातले पाच माझे नाहीत. मी कार्यवाहांना फोनवर एवढंच म्हणाले होते की ऑफिसात परकं वाटणाऱ्या लोकांबद्दल बोलेन. ते म्हणाले, मॅडम, उपाय असल्याशिवाय लोक येत नाहीत आणि आकडा टाकला की जरा जास्त येतात. आणि तुम्ही आलात! म्हणजे त्यांचंच बरोबर होतं. उपाय शेवटी सांगते, तोपर्यंत कोणी उठू नका.

समोर बघतेय तर निम्मी मंडळी रिटायर्ड दिसतायत. तुम्हाला ऑफिसात रुळायची आता गरज नाही, तुम्हाला घरात रुळायचंय, आणि त्या विषयावर माझे मिस्टर माझ्यापेक्षा बरं बोलतील. पण मागच्या दोन रांगांत जी तरुण मुलं आईवडिलांनी धरून आणलेली दिसतायत, मोबाईल मांडीवर उलटा ठेवून बसलेली, त्यांच्यासाठी मी बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

माझी निम्मी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात पर्सनल खात्यात झाली आणि उरलेली हिंजवडीत आयटीमध्ये, तिथं त्याच कामाला एचआर म्हणतात आणि पगार जास्त देतात. दोन्हीकडे माझ्या केबिनमध्ये येऊन लोक रडले आहेत. कारखान्यातला माणूस रडायचा तो सुपरवायझरवरून, ओव्हरटाइमवरून, बदलीवरून, म्हणजे काय झालंय ते त्याला माहीत असायचं. आयटीतली पोरं यायची आणि म्हणायची, मॅम, प्रॉब्लेम काही नाहीये, सगळे चांगले आहेत, पण मी इथला नाहीये असं वाटतं. आता या वाक्यावर काय ॲक्शन घेणार? फॉर्ममध्ये त्याला कॉलमच नाही.

एका मुलाबद्दल सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, परभणीच्या बाजूचा एवढं पुरे. बारावीपर्यंत मराठी मीडियम, मग इंजिनिअरिंग, मग आमच्याकडे टेस्टिंगला. कामाला चोख. आणि रोज दुपारी एक वाजला की डबा घेऊन बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जायचा आणि स्वतःच्या बाइकवर बसून जेवायचा. मला हे सिक्युरिटीवाल्यांनी सांगितलं, कारण सिक्युरिटीवाल्यांना सगळं माहीत असतं, कोणत्याही कंपनीत खरी माहिती हवी असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका, गेटवर जाऊन उभं राहा. तर मी त्याला बोलावलं आणि विचारलं, काय रे, वर एवढं मोठं कॅफेटेरिया आहे, एसी आहे, खाली पेट्रोलच्या वासात का जेवतोस? तो म्हणाला, मॅडम, वर बोलावं लागतं.

वर काय बोलायचे? तुम्हाला माहितीये, तुमच्यातले बरेच जण बोलत असतील. कुठली सिरीज बघितली, वीकेंडला कुठल्या ट्रेकला गेलो, गोव्याला कुठलं कॅफे, अमक्याचा कुत्रा, तमक्याचा व्हिसा. हिंदी-इंग्रजी मिक्स, फास्ट. ह्याला ते समजायचं सगळं, पण त्याचं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. विनोदावर हसायचा तर अर्धा सेकंद उशिरा. आणि हे अर्धा सेकंद उशिरा हसणं दिसतं हो, सगळ्यांना दिसतं.

मग त्यानं काय केलं असेल? त्यानं सिरीज बघायला सुरुवात केली. पण आवड म्हणून नाही, दर रविवारी होमवर्क म्हणून, दीडपट स्पीडनं! म्हणजे कमी वेळात जास्त एपिसोड होतात आणि सोमवारी काहीतरी बोलता येतं. मला म्हणाला, मॅडम, एक सीझन संपवला की ते लोक दुसऱ्यावर गेलेले असतात. (हशा) हसा, मीपण हसले होते, तोही हसला. पण बघा की, आठवड्याची एक सुट्टी, आणि ती हा मुलगा कशात घालवतोय, तर ज्या टेबलावर त्याला कोणी बोलावलेलं नाही त्या टेबलाची परीक्षा द्यायला. आणि घरी फोनवर आईला काय सांगायचा? सगळं मस्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, एवढं काय, कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कोणी हाकललं नाही. बरोबर. याच्यावर एक गंमतशीर प्रयोग आहे. किप विल्यम्स म्हणून एक मानसशास्त्रज्ञ, तो कुत्रा घेऊन बागेत बसला होता, मागून एक फ्रिस्बी येऊन त्याला लागली. त्यानं ती परत फेकली, समोरच्या दोन अनोळखी माणसांनी त्याच्याकडे पुन्हा टाकली, थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग त्या दोघांनी याच्याकडे टाकायचं बंद केलं. झालं एवढंच. ज्यांचं नाव माहीत नाही, ज्यांना पुन्हा भेटायचं नाही अशा माणसांनी खेळातून वगळलं, तर याला एवढं लागलं की त्यानं त्यावर संशोधनच सुरू केलं. पुढे 2000 साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवरचा तसाच खेळ केला, सायबरबॉल, स्क्रीनवर तीन खेळाडू, एक तुम्ही, बाकीचे दोघं काही वेळानं तुमच्याकडे बॉल टाकायचं थांबवतात. काही मिनिटांत माणसं पडेल होतात. 2003 मध्ये हाच खेळ लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला लावला, तर शारीरिक वेदनेचा त्रास जाणवतो तेव्हा मेंदूचा जो भाग कामाला लागतो तोच इथंही जास्त चाललेला दिसला. आणि कहर म्हणजे नंतर एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे, तरी लागलंच. तेव्हा 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' हे वाक्य बोलायचं असेल तर आधी कॉम्प्युटरला सांगून बघा.

बरं, त्या मुलाकडे परत येते, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे ती ऐकून घ्या. कार्यवाह, घड्याळ बघू नका.

इंटरव्ह्यू झाल्यावर पॅनेलनं भरायचा एक फॉर्म असतो. टेक्निकल किती, कम्युनिकेशन किती, आणि शेवटचा कॉलम, 'कल्चर फिट', यस ऑर नो. हा कॉलम मला नोकरीभर छळत आला. कारण वरच्या कॉलमांना काहीतरी पुरावा लागतो, कोड लिहिला की नाही, उत्तर आलं की नाही. या कॉलमला पुरावा लागत नाही, नुसतं वाटावं लागतं. टेक्निकलला आठ, कम्युनिकेशनला सात, आणि कल्चर फिट नो. मी विचारायचे, का नो? तर उत्तर यायचं, आय डोन्ट नो, वाइब नाही आली. अरे, वाइब! तुम्ही टेस्टर घेताय का व्याही शोधताय?

आणि हे माझ्याच कंपनीचं नव्हतं बरं का. लॉरेन रिव्हेरा म्हणून अमेरिकेतली समाजशास्त्रज्ञ आहे, तिनं तिथल्या बड्या बँका, लॉ फर्म, कन्सल्टिंग कंपन्या यांत भरती करणाऱ्या लोकांच्या 120 मुलाखती घेतल्या, 2012 मध्ये ते छापून आलं. त्यात निघालं काय, तर बायोडेटातले छंद, फिरण्याच्या जागा, खेळ, हे सगळं निवड करणारे स्वतःशी ताडून बघत होते, आणि बऱ्याचदा कौशल्यापेक्षा त्याला वजन होतं. एक टेस्ट तर अशी की विमान लेट झालं आणि या माणसाबरोबर एअरपोर्टवर अडकून पडलो तर चालेल का? म्हणजे जे लोक एअरपोर्टवर अडकतात त्यांनाच नोकरी. आमचा परभणीचा मुलगा एसटी स्टँडवर अडकलेला, त्याची टेस्ट कुठं घेणार?

तर मुद्दा काय, तुम्हाला नोकरी लागली, तुम्ही आत आलात, आणि आत आल्यावर वाटतंय की आपण इथले नाही, तर ते तुमच्या डोक्यातलं खूळ असेलच असं नाही. खुर्च्या आधीच कोणाच्या तरी मापानं ठेवलेल्या असतात. पण होतं काय, आपण लगेच स्वतःचं माप बदलायला लागतो. आणि कंपनी पण आपल्याला तेच शिकवते. आता हल्ली एचआरवाले वर्कशॉप घेतात, इम्पोस्टर सिंड्रोम. आपली लायकी नाही, आपण चुकून इथं पोचलो, कधीतरी पकडले जाऊ, असं वाटणं. मूळ अभ्यास 1978 चा, पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींचा, दीडशेहून जास्त यशस्वी बायकांशी बोलून केलेला, आणि त्यांनी त्याला सिंड्रोम वगैरे म्हटलंच नव्हतं, रोग म्हणून ते कधी मांडलंच नव्हतं. आता हे झालंय की मीटिंगमध्ये मुलीचं वाक्य तीनदा मधेच तोडायचं, चौथ्यांदा ती गप्प बसली की तिला म्हणायचं, तुला कॉन्फिडन्सचा प्रॉब्लेम आहे, शुक्रवारी वर्कशॉप आहे ये. आणि वाक्य तोडणाऱ्यांसाठी वर्कशॉप? त्यांना शुक्रवारी क्लायंट कॉल असतो.

(टाळ्या) टाळ्या मागच्या रांगेतून आल्या, पुढच्या रांगेतले साहेब लोक गप्प आहेत, नोंद घेतली मी.

इथं मला जरा गंभीर व्हायचंय. चिंचवड-भोसरीत राहणाऱ्या आपल्या लोकांना मुंबईच्या गिरण्या ऐकून माहीत आहेत, कोणाचे वडील, कोणाचे आजोबा तिथं होते. कोकणातनं, घाटावरनं माणूस मुंबईला गेला तर आधी गावाची खोली होती, एका खोलीत गावातलेच दहा-पंधरा जण, पाळ्या बदलल्या की झोपायची जागा बदलायची. जेवायला खाणावळवाली बाई, ती पण ओळखीतली. भजनी मंडळ, गणपती. त्यामुळे गिरणीत कितीही आवाज असो, कितीही परकं असो, संध्याकाळी माणूस आपल्या माणसांत असायचा. हे चित्र आपल्याला फार आवडतं, आणि खरंही आहे. पण त्याच गिरणीत साचेखातं, म्हणजे विणाईचं खातं, जिथं मजुरी चांगली होती, तिथं दलित कामगारांना घेत नव्हते. कारण काय द्यायचे? धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनातला, धागा संपला की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला. कारण ऐकायला कसं टेक्निकल वाटतं बघा. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा मुद्दा लावून धरला की आमच्या माणसांना विणाईत घ्या.

आणि त्यांना स्वतःला काय अनुभव होता? 1917 साली कोलंबियात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, तर शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे, ऑफिसात प्यायला पाणी नाही, शहरात राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर तिथल्या काही प्रोफेसरांनी स्टाफच्या माठातलं पाणी घ्यायला हरकत घेतली. आता मला सांगा, या माणसाला जाऊन कोणी म्हणालं असतं की साहेब, तुम्ही जरा टीममध्ये मिक्स व्हा, सोमवारी लोकांशी गप्पा मारा, तर ते कसं दिसलं असतं? आज फायली फेकत नाहीत. आज आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग 'म्हणजे मूळचे कुठले' विचारतात, आणि डब्यात काय आहे ते वाकून बघतात. ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर 'नॉनव्हेज गरम करू नये' अशी चिठ्ठी कोणी लावली ते आजतागायत कोणत्याच ऑफिसात कळलेलं नाही. मी मूळची रत्नागिरीची. सुकट काय असते ते मला शिकवू नका.

म्हणून माझं म्हणणं, आणि हेच सांगायला मी आज आले, उपाय बिपाय नंतर, की परकं वाटतंय म्हटलं की लगेच जुळवून घ्यायला धावू नका, आधी हे परकेपण कुठल्या जातीचं आहे ते बघा. एक असतं नवेपणाचं, ते मुदतीच्या तापासारखं आपोआप उतरतं. दुसरं असतं वेगळेपणाचं, तुम्ही खेड्यातले, बाकीचे शहरातले, तुम्ही पंचेचाळिशीत आणि टीम पंचविशीत, तुम्ही एकटी बाई आणि सगळे पुरुष, ते उतरत नाही पण त्याच्यासकट राहता येतं. आणि तिसरं असतं बाहेर ठेवल्याचं. ते तुमचं दुखणं नव्हे, त्यावर तुम्ही औषध घ्यायचं कारण नाही. गोंधळ असा होतो की पहिल्या प्रकारातला माणूस दोन महिन्यांत राजीनामा टाकतो आणि तिसऱ्या प्रकारातला वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतो.

पार्किंगवाल्या मुलाचं काय झालं ते राहिलंच. आमच्याकडे एका बँकेचं पीककर्जाचं सॉफ्टवेअर आलं. टीमनं मस्त स्क्रीन बनवल्या, एक शेतकरी, एक जमीन, एक नंबर, सेव्ह. टेस्टिंगला याच्याकडे आलं. त्यानं बग टाकला की एका सातबाऱ्यावर सात नावं असतील तर कुठं भरायची? टीम लीड म्हणाला, एका जमिनीचे सात मालक कसे असतील? मग हा म्हणाला, माझ्या घरचाच दाखवतो. सामाईक खातं, चुलते, आत्या, वारलेल्या आजोबांचं नाव अजून तसंच. मग पोटखराबा म्हणजे काय, जमिनीतला पीक न येणारा तुकडा, तो क्षेत्रात धरायचा का नाही. हेक्टर आर कसं लिहितात. आधीच्या कर्जाचा बोजा इतर हक्कात कसा चढतो आणि कर्ज फिटलं तरी कमी करायला तलाठ्याकडे किती खेटे मारावे लागतात. दोन आठवड्यांत असं झालं की बंगलोरचे, लखनौचे, कोथरूडचे सगळे याच्या डेस्कपाशी. कोथरूडच्या मुलीनं तर विचारलं, सातबारा हा ॲड्रेस असतो का? (हशा) कोथरूडचे कोणी आलेत का? सॉरी हां.

आता सिनेमात असतं तर इथून पुढे तो त्या टेबलाचा राजा झाला असता. तसं काही झालं नाही. ट्रेकच्या गप्पा त्याला शेवटपर्यंत बोअर झाल्या. पण सिरीज बघणं बंद केलं आणि टीममधले दोघं त्याच्याबरोबर जेवायला लागले, वर, एसीत, कोपऱ्यातल्या टेबलावर. पार्किंगमध्ये मात्र शुक्रवारी जायचा, सिक्युरिटीवाल्यांबरोबर, त्यातला एक परभणीकडच्याच जिंतूरचा होता आणि त्याच्या डब्यात ठेचा असायचा. मॅनेजरला ते आवडायचं नाही. मला फोन करून म्हणाला, ही इज सिटिंग विथ गार्ड्स. म्हटलं, मग? पुढे तो काही बोलला नाही. मला मात्र अजून एक खटकतं, सातबाऱ्याचा प्रोजेक्ट आला नसता तर काय? कंपनीला त्याचा उपयोग सापडला म्हणून त्याच्याकडे लोक वळले, हे काही फार कौतुक करण्यासारखं नाही. प्रत्येकाच्या नशिबी आपल्या गावाचा प्रोजेक्ट येत नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर अजून एक, अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात अग्निशमन केंद्रांवर अभ्यास झाला होता, केविन निफिन आणि सहकारी, 2015. जिथले जवान एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवायचे त्यांची टीम म्हणून कामगिरी बरी असल्याचं दिसलं. काही जण म्हणे घरीही जेवायचे आणि स्टेशनवरही, दोनदा, कारण इथं नको म्हणणं म्हणजे सहकाऱ्यांचा अपमान. आपल्याकडे हे संशोधन करायला अमेरिका लागली नसती, कुठल्याही आजीनं...

बरं. चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे, कृपया.' 'कृपया' अधोरेखित केलंय. ठीक आहे, पाच उपाय, पटापट.

पहिलं, नवेपणा असेल तर थांबा, आणि नुसतं थांबू नका, जुन्या माणसाला विचारा की तुम्हाला सुरुवातीला कसं वाटलं होतं. वॉल्टन आणि कोहेन या दोघांनी अमेरिकेत एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले की आम्हालाही सुरुवातीला आपण इथले नाही असं वाटायचं, नंतर ते गेलं. तासाभराचा कार्यक्रम. कृष्णवर्णीय मुलांच्या मार्कांत पुढच्या तीन वर्षांत फरक पडला, गोऱ्या मुलांशी जी तफावत होती ती निम्म्यावर आली, 2011 मध्ये छापलंय. म्हणजे वाईट दिवस आला की 'मी असाच आहे म्हणून झालं' याच्याऐवजी 'नवीन आहे म्हणून होतंय' एवढंच मनात आलं तरी पुष्कळ. पण हे तिथंच चालतं जिथं दार खरंच उघडं आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरं, सगळं टेबल जिंकायला जाऊ नका, एक माणूस बघा. तो तुमच्या टीममधला असायची गरज नाही. कंपनीच्या बसमधला चालेल, दुसऱ्या मजल्यावरचा चालेल, कॅन्टीनवाली मावशी चालेल. आणि वेळ ठरलेली असू दे, रोज साडेचारचा चहा म्हणजे साडेचारचा चहा. वाकडच्या पुलावर एकाच बसमध्ये तास-तास अडकून लग्नं जमलेली मी बघितली आहेत.

तिसरं, नाटक किती करायचं ते ठरवून करा. कामावर थोडं नाटक सगळेच करतात, विमानातल्या हवाई सुंदरींच्या हसण्यावर आर्ली हॉकशील्डनं 1983 मध्येच लिहून ठेवलंय की तेही काम आहे आणि त्याचा थकवा येतो. इंग्रजी सुधारा, त्याचे पैसे मिळतात. मेल लिहायला शिका. मीटिंगमध्ये 'मला हे परत सांगा' म्हणायला शिका. पण दीडपट स्पीडनं सिरीज बघू नका. ज्याचा कामाशी संबंध नाही ते आवडत नसेल तर सोडून द्या, 'नाही बघितली, कशी आहे?' एवढं विचारलं तरी समोरचा दहा मिनिटं बोलतो, तुम्ही शांतपणे जेवा.

चौथं, तुम्हाला जे येतं आणि बाकीच्यांना येत नाही ते शोधा, वगैरे, सातबारा झालाच सांगून. वाढवत नाही. फक्त कोणी मागितलं तरच द्या, न मागता सगळ्यांची कामं अंगावर घेतलीत तर ते तुम्हाला आपलं म्हणणार नाहीत, गाढव म्हणतील.

पाचवं, बाहेर ठेवलं जात असेल तर वही करा. तारीख, वेळ, कोण होतं, काय म्हणाले, शब्द जसेच्या तसे. आणि आता नीट ऐका, हे एचआरवाली सांगतेय, ऑफिसचे मेल स्वतःच्या पर्सनल मेलवर फॉरवर्ड करू नका, डेटा बाहेर नेला म्हणून उलट तुमच्यावरच केस होते. वही घरी, पेनानं. लैंगिक त्रास असेल तर 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील त्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण योग्य असेल तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. जातीवरून अपमान असेल तर ॲट्रॉसिटीचा 1989 चा कायदा आहे, वकिलाला विचारा, एचआरला नाही. एचआर कंपनीचं असतं. मी होते तेव्हाही कंपनीचीच होते. आणि सोडायची वेळ आली तर दुसरी नोकरी हातात घेऊन सोडा, पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

झाले पाच. एक प्रश्न घेते, त्या काकू मघापासून हात वर करून बसल्यात.

काकू विचारतायत, मुलगी बंगलोरला आहे, फोनवर नुसतं 'ठीक आहे' म्हणते, कसं ओळखायचं? ऑफिस कसं आहे असं विचारलं की ठीकच म्हणणार ती. त्याच्याऐवजी आज जेवायला कोण कोण होतं ते विचारा. नावं आली तर काळजी करू नका. रोज 'डेस्कवरच खाल्लं' असं यायला लागलं तर लगेच 'जुळवून घ्यायला शिक' म्हणू नका आणि 'ये निघून' पण म्हणू नका, दोन्ही वाक्यांनंतर मुलं सांगायचं बंद करतात. कधीपासून ते विचारा, कोणी काही बोललं का ते विचारा आणि शक्य असेल तर चार दिवस जाऊन राहा, तिच्या रूमवर, स्वयंपाक करायला म्हणून. आणि झोप उडालीये, खात नाहीये, रडू येतंय असं असेल तर टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, लिहून घ्या, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, आणि मराठीत बोलता येतं.